यार्डांचा हिशेब

अमेरिकेच्या इंडियाना राज्यांत, साउथ बेंड शहराच्या लगत, दोन तळ्यांच्या कांठीं नोटर डेम नांवाचें एक विद्यापीठ आहे. फादर एडवर्ड सोरिन या फ्रेंच धर्मगुरूनें १८४२ सालीं त्याचा पाया घातला. विद्यापीठाची कीर्ति तेथील ग्रंथालयावरून आणि पंडितांवरून व्हावी हें योग्यच; आणि नोटर डेमला पंडितांची वाण आहे असेंहि नाहीं. तथापि तें नांव अमेरिकेंतील खाणकामगारांच्या, गिरणीवाल्यांच्या आणि लहानसहान दुकानदारांच्या घरोघरीं जाऊन पोंचलें तें फुटबॉलच्या खेळामुळें. त्या खेळाचा हिशेब सांगणारें एक जाडजूड पुस्तक विद्यापीठाकडून प्रसिद्ध होत आलें आहे. कोणत्या सालीं कोण किती यार्ड धांवला, कोणीं किती वेळां चेंडू फेकला आणि तो किती वेळां झेलला गेला, कोणाचे गुण किती, याच्या याद्यांवर याद्या त्यांत दिलेल्या असतात. वरवर पाहणाराला हें पुस्तक वाण्याच्या खतावणीइतकेंच नीरस वाटेल. परंतु खतावणी वाचतां येणाराला ज्याप्रमाणें एखाद्या रकमेच्या आड बुडालेलें घर दिसतें, त्याप्रमाणें या याद्यांतील कांहीं आंकड्यांच्या आड माणसें उभीं असलेलीं दिसतात.

हे आंकडे समजण्यापुरता खेळ आधीं समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे फुटबॉल म्हणतात तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्यें चेंडू लांबट असतो, आणि तो पायानें क्वचित् व हातानेंच बहुधा खेळला जातो. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी आणि मध्यें शंभर यार्डांचें मैदान. चेंडू ज्याच्याकडे असेल त्या पक्षानें तो प्रतिपक्षाच्या सीमारेषेपार न्यावयाचा. नेला कीं सहा गुण. त्याला टचडाऊन म्हणतात. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकलें नाहीं, तर चेंडू दुसऱ्या पक्षाच्या हातीं जातो. हुतूतूंत ज्याप्रमाणें एकेका हातानें रेषा जिंकावी लागते, त्याप्रमाणें येथें एकेका यार्डानें जमीन जिंकावी लागते. म्हणून या खेळाचें नाणें यार्ड हें आहे. धांवणाऱ्यानें किती यार्ड जमीन मिळविली, हेंच त्याचें मोल. त्यांतहि अपुरा यार्ड धरावयाचा नाहीं, सर्व हिशेब पूर्ण यार्डांत, असा दंडक आहे.

नोटर डेमचा पहिला सामना २३ नोव्हेंबर १८८७ रोजीं झाला. मिशिगन विद्यापीठाचे विद्यार्थी येऊन त्यांनीं यजमानांना खेळ शिकविला आणि त्याच दिवशीं त्यांचा ८-० असा पराभवहि केला. पुढें सोळा वर्षांनीं, १९०३ सालीं, याच विद्यापीठाच्या संघावर नऊ सामन्यांत कोणालाहि एकसुद्धां गुण मिळवितां आला नाहीं. त्या संघाचा नायक लुई सॅमन. केसांच्या रंगावरून लोक त्याला 'रेड' म्हणत. १९०० ते १९०३ या चार हंगामांत त्यानें ३६ टचडाऊन केले, आणि हा उच्चांक १९८५ पर्यंत, म्हणजे ब्याऐंशी वर्षें, अबाधित राहिला. सॅमनच्या काळीं टचडाऊनला पांचच गुण मिळत. सहा गुणांचा नियम १९१२ सालीं झाला. तेव्हां त्याच्या गुणांची बेरीज आजच्या गुणांशेजारीं मांडणें म्हणजे जुन्या शेराचें माप नव्या किलोशेजारीं ठेवण्यासारखें आहे. टचडाऊनची संख्या मात्र संख्याच राहते.

त्या काळचा खेळ मोठा दांडगाईचा होता. चेंडू पुढें फेकण्यास मनाई असल्यामुळें सर्व गड्यांनीं एकत्र जमून, एकमेकांना रेटून, समोरची भिंत फोडावयाची एवढाच काय तो डाव. हातपाय मोडणें नित्याचेंच होतें. १९०५ च्या हंगामांत निदान अठरा तरुण या खेळांत प्राणास मुकले. तेव्हां अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथील धुरीणांना आपल्या निवासस्थानीं बोलावून घेतलें. पुढील वर्षीं नवीन नियम झाले, आणि त्यांत चेंडू पुढें फेकण्याची मुभा मिळाली. ती मुभाहि भीतभीतच दिलेली होती. फेकलेला चेंडू कोणाच्याहि हाताला न लागतां जमिनीवर पडला तर तो सरळ प्रतिपक्षाचा होई. वीस यार्डांपलीकडे फेकावयाचा नाहीं असेंहि बंधन होतें. तें १९१२ सालीं उठलें. नोंदवहींतील 'फेकीचे यार्ड' हा सगळा रकाना असा मृत्यूच्या धाकानें निर्माण झालेला आहे, हें त्या रकान्यावरून दृष्टि फिरविणाऱ्या कोणाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

या फेकीचें सामर्थ्य पूर्वेकडील बड्या लोकांना दाखवून दिलें तें नोटर डेमनें. १ नोव्हेंबर १९१३ रोजीं हा आडगांवचा समजला जाणारा संघ वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाशीं खेळावयास गेला. या विद्यालयाच्या संघाला तेथें नुसतें 'आर्मी' म्हणतात. गस डोरे या खेळाडूनें त्या दिवशीं १७ वेळां चेंडू फेकला. १४ वेळां तो आपल्याच गड्याच्या हातीं बरोबर पडला, आणि २४३ यार्ड मिळाले. झेलणाऱ्यांत मुख्य होता नूट रॉक्नी, नॉर्वेंत जन्मलेला एक तरुण. आर्मीचा ३५-१३ असा पराभव झाला. हाच रॉक्नी १९१८ पासून नोटर डेमच्या संघाचा मुख्य शिक्षक झाला.

आतां त्या खतावणींतील सर्वांत प्रसिद्ध रकमेकडे यावयाचें. रक्कम २,३४१ यार्ड. नांव जॉर्ज गिप.

गिप हा मिशिगन राज्याच्या उत्तर टोंकास, तांब्याच्या खाणींच्या मुलखांत, लोरियम या गांवीं १८ फेब्रुवारी १८९५ रोजीं जन्मला. नोटर डेमला तो १९१६ सालीं आला तो बेसबॉल खेळण्याकरितां. तेव्हां त्याचें वय एकवीस होतें. मैदानाच्या एका कडेला साध्या कपड्यांत सहज चेंडू लाथाडीत असलेला हा उंच मुलगा रॉक्नीच्या दृष्टीस पडला आणि त्यानें त्याला फुटबॉलमध्यें ओढलें, अशी हकीकत सांगतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या संघांतून खेळतांना त्याला चेंडू नुसता दूर लाथाडून देण्याची आज्ञा झाली होती. ती मोडून त्यानें बासष्ट यार्डांवरून लाथ मारून चेंडू गोलाच्या दांड्यांमधून पार केला. आज्ञाभंग आणि कर्तृत्व हीं त्या मुलांत अशीं एकत्र नांदत होतीं. अभ्यासाकडे त्याचें लक्ष नव्हतें. पत्ते आणि बिलियर्ड यांत तो तरबेज होता. १९२० च्या वसंतांत विद्यापीठानें त्याला काढून टाकलें आणि मग परत घेतलें. त्याला परत घेण्यांत विद्येची काळजी किती आणि खेळाची किती, याचा विचार शिक्षणाची चाड असलेल्या वाचकानें आपल्या मनाशींच करावा.

त्याचे यार्ड असे: १९१७ सालीं २४४, १९१८ सालीं ५४१, १९१९ सालीं ७२९, १९२० सालीं ८२७. यांतील पहिल्या वर्षीं त्याचा पाय मोडला. दुसऱ्या वर्षीं महायुद्ध आणि इन्फ्लुएंझाची सांथ यांमुळें सगळ्या हंगामांत सामनेच सहा झाले. पुढील दोन वर्षें मात्र नोटर डेमनें एकहि सामना गमावला नाहीं. शेवटच्या वर्षीं तो १०२ वेळां चेंडू घेऊन धांवला; म्हणजे दर खेपेस सरासरी आठ यार्डांहून अधिक. ज्या खेळांत चार प्रयत्नांत दहा यार्ड मिळविले म्हणजे निभावतें, त्यांत हा गडी एका प्रयत्नांत आठ मिळवीत होता. शिवाय चेंडू फेकणारा तोच, लाथाडणारा तोच, आणि चेंडू प्रतिपक्षाकडे गेला म्हणजे अडविणाऱ्यांतहि तोच. ३० ऑक्टोबर १९२० रोजीं आर्मीविरुद्ध नोटर डेमनें २७-१७ असा विजय मिळविला, तो मुख्यतः या एका माणसाच्या बळावर.

त्यानंतर तीन आठवड्यांनीं, २० नोव्हेंबरला, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाशीं सामना होता. गिपची प्रकृति बिघडलेली होती, तरी तो थोडा वेळ मैदानांत उतरला. पुढें घशाचा विकार बळावून न्यूमोनियावर गेला. ज्या जंतूंनीं तो आजारी पडला त्यांवर पेनिसिलिनची मात्रा लागू पडते हें पुढें सर्व जगाला कळलें. पण पेनिसिलिनचा शोध लागावयास अजून आठ वर्षें होतीं. १४ डिसेंबर १९२० रोजीं साउथ बेंडच्या इस्पितळांत गिप मरण पावला. त्याचें वय पंचवीस. वॉल्टर कँपनें निवडलेल्या अखिल अमेरिकन संघांत, पहिल्या अकरांत, त्याचें नांव त्याच सुमारास झळकलें होतें; नोटर डेमच्या खेळाडूला हा मान त्यापूर्वीं कधीं मिळाला नव्हता.

येथपर्यंत आंकडे बोलतात. येथून पुढें कथा सुरू होते. १० नोव्हेंबर १९२८ रोजीं न्यू यॉर्कच्या यँकी स्टेडियमवर नोटर डेम आणि आर्मी यांचा सामना होता. नोटर डेमचें तें वर्ष रॉक्नीच्या कारकीर्दींतील सर्वांत वाईट. आर्मी मात्र अजिंक्य होती. रॉक्नीनें आपल्या गड्यांना एकत्र बसवून सांगितलें कीं, गिपनें मरणशय्येवर एक मागणें मागितलें होतें: संघ कधीं अगदीं संकटांत सांपडला तर पोरांनीं एक सामना आपल्यासाठीं जिंकावा. गडी त्वेषानें खेळले आणि १२-६ असे जिंकले. नोटर डेमचा पहिला टचडाऊन ज्या जॅक शेव्हिनीनें केला, तो १९४५ च्या फेब्रुवारींत इवो जिमाच्या किनाऱ्यावर लढाईंत पडला. गिपच्या त्या शेवटच्या मागण्याला रॉक्नीशिवाय साक्षीदार नाहीं, आणि त्यानें तें आठ वर्षें मनांत ठेवून अगदीं गरजेच्या वेळीं बाहेर काढलें. इतिहासाच्या न्यायासनापुढें एवढा पुरावा पुरणार नाहीं. पण १९४० सालीं रॉक्नीच्या चरित्रावर बोलपट निघाला, त्यांत गिपची भूमिका रोनाल्ड रेगन या नटानें केली, आणि हाच नट १९८१ सालीं अमेरिकेचा अध्यक्ष झाल्यावर तें मागणें राजकारणाच्या सभांतहि घुमूं लागलें. खरें सिद्ध करतां येतात ते २,३४१ यार्ड. लोकांच्या तोंडीं राहिलें तें तें मागणें.

गिपनंतरच्या पिढींत आंकड्यांची आणि वृत्तपत्रांची गट्टी जमली. १८ ऑक्टोबर १९२४ हा एकच दिवस घ्यावा. त्या दिवशीं इलिनॉय विद्यापीठाचा रेड ग्रेंज मिशिगनविरुद्ध खेळत होता. सुरुवातीचाच चेंडू घेऊन तो ९५ यार्ड धांवत सुटला आणि थेट सीमेपार गेला. पुढें ६७, ५६ आणि ४४ यार्डांच्या आणखी तीन धांवा. पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाऊन! त्याच दिवशीं न्यू यॉर्कला नोटर डेमनें आर्मीला १३-७ असें हरविलें, आणि ग्रँटलंड राइस या पत्रकारानें नोटर डेमच्या मागील फळींतल्या चौघां धांवपटूंना 'चार घोडेस्वार' असें नांव देऊन टाकलें. स्टूलड्रेहर, क्राउली, मिलर आणि लेडन हे ते चौघे. विद्यापीठाच्या प्रसिद्धीचें काम करणाऱ्या एका विद्यार्थ्यानें त्यांना खरोखरीच घोड्यांवर बसवून छायाचित्र घेवविलें, आणि तें देशभर छापलें गेलें.

परंतु खेळांत गडी अकरा असतात. चौघे घोडेस्वार झाले. उरलेले सात कोण? त्यांचें काम समोरच्या गड्यांना अंगानें अडवून चौघांना वाट करून देण्याचें. त्यांना लोक 'सात खेंचरें' म्हणूं लागले, आणि त्यांनींहि तें हंसत हंसत मान्य केलें. ग्रेंज काय किंवा घोडेस्वार काय, त्यांनीं मिळविलेल्या प्रत्येक यार्डांत कोणा खेंचराचा खांदा आहे. त्या खांद्यासाठीं मात्र नोंदवहींत रकाना नाहीं. आजहि आघाडीच्या फळींतील पांच गडी सबंध हंगाम खेळतात आणि त्यांच्या नांवापुढें यार्डाचा एकहि आंकडा पडत नाहीं. मुलाच्या गुणपत्रिकेंत त्याला पहाटे उठवून दिवा लावून देणाऱ्या आईचे गुण नसतात, त्यांतलाच हा प्रकार.

त्या काळापर्यंत सर्व देशाचा असा एक अधिकृत हिशेब नव्हता. जो तो आपल्या वहींत आपल्या रीतीनें लिही. १९३७ सालीं होमर कुक नांवाच्या गृहस्थानें सिअॅटल येथें फुटबॉलच्या आंकडेशास्त्रासाठीं एक स्वतंत्र कचेरीच काढली, आणि महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिकृत उच्चांक त्या सालापासून धरले जातात. म्हणजे गिप आणि ग्रेंज हे दोघेहि त्या अधिकृत युगाच्या अलीकडचे नव्हेत, पलीकडचे. पहिल्याच वर्षीं देशांत सर्वाधिक यार्ड धांवणारा ठरला तो कोलोरॅडो विद्यापीठाचा बायरन व्हाइट. आठ सामन्यांत १,१२१ यार्ड, आणि गुण ११९. हा विद्यार्थी पुढें ऱ्होड्स शिष्यवृत्ति मिळवून ऑक्सफर्डला गेला आणि १९६२ पासून १९९३ पर्यंत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता. खेळणारीं मुलें वायां जातात असें मानणाऱ्या पालकांनीं हें नांव टिपून ठेवण्यास हरकत नाहीं. अर्थात् गिपचेंहि त्याच्या शेजारींच टिपावें लागेल.

नोटर डेमच्या वहींत १९४३ सालीं एक नोंद मधेंच तुटलेली आहे. अँजेलो बर्टेली हा त्या संघाचा चेंडू फेकणारा. सहा सामन्यांत त्यानें अवघ्या ३६ वेळां चेंडू फेकला, २५ वेळां तो झेलला गेला, ५११ यार्ड मिळाले आणि दहा टचडाऊन झाले. त्यानंतर हंगामाचे चार सामने शिल्लक असतांनाच त्याला सैन्याचें बोलावणें आलें, आणि तो मरीन दलांत रुजू झाला. त्या वर्षींचें हाइझमन पारितोषिक, जें देशांतील सर्वश्रेष्ठ महाविद्यालयीन खेळाडूला मिळतें, तें या सहा सामन्यांच्या बळावर त्यालाच दिलें गेलें. बर्टेली पुढें ग्वाम आणि इवो जिमा येथें लढला आणि सुखरूप परतला. त्याची जागा जॉनी लुजॅक या अठरा वर्षांच्या मुलानें भरून काढली. मग तोहि आरमारांत गेला, १९४६ सालीं परत आला आणि १९४७ चें हाइझमन त्यानें मिळविलें. लुजॅकच्या वहींत १९४४ आणि १९४५ यांचीं पानें कोरीं आहेत. असा कोरेपणा त्या पिढींतील किती तरुणांच्या वह्यांत असेल!

नियमांनीं आंकडे कसे घडतात याचें उत्तम उदाहरण म्हणजे पॉल हॉर्नंग. युद्धाच्या काळांत, १९४१ पासून, गडी मोकळेपणानें बदलण्याची सवलत मिळाली होती. त्यामुळें चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे अशी विभागणी झाली. १९५३ सालीं ही सवलत काढून घेण्यांत आली, आणि पुन्हां एकाच गड्याला सर्व कामें करावीं लागूं लागलीं. १९५६ सालीं हॉर्नंगनें खरोखरच सर्व कामें केलीं. धांवण्यांत, फेकण्यांत, गुण मिळविण्यांत, चेंडू लाथाडण्यांत, आलेला चेंडू परत आणण्यांत, इतकेंच नव्हे तर प्रतिपक्षाच्या फेकी उधळण्यांतहि आपल्या संघांत त्याचाच पहिला क्रमांक. पण संघ दहांपैकीं आठ सामने हरला. त्याच्या फेकीनें टचडाऊन झाले तीन, आणि त्यानें फेकलेले तेरा चेंडू प्रतिपक्षानें पळविले. हे आंकडे घेऊन एखादा कारकून बसला तर तो हॉर्नंगला नापासच ठरवील. मत देणारांनीं मात्र त्याला हाइझमन दिलें. पराभूतांच्या संघांतून हें पारितोषिक मिळविणारा तो एकटाच. त्यावरून तेव्हां वादहि माजला. परंतु बुडत्या नावेंत एकट्यानें वल्हीं मारणाऱ्याचें मोल किनारा गांठला कीं नाहीं एवढ्यावरच ठरवावयाचें नसेल, तर तो निर्णय चुकला असें म्हणवत नाहीं.

पुढें गडी बदलण्याची मोकळीक पुन्हां मिळाली, खेळ फेकीकडे झुकला आणि आंकडे फुगूं लागले. १९६६ सालीं जिम सीमूर या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानें आपल्या पहिल्याच सामन्यांत, पर्ड्यू विद्यापीठाविरुद्ध, तेरा झेलांत २७६ यार्ड मिळविले. हा उच्चांक अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. पहिल्याच दिवशीं शिखर गांठलेल्या माणसाला उरलेले सर्व दिवस उतारावरच काढावे लागतात, एवढें मात्र त्याच्या बाबतींत खरें झालें.

जो थाइझमनची गोष्ट याहून निराळी आहे. त्याच्या घरचे लोक आपलें आडनांव 'थीझमन' असें उच्चारीत. विद्यापीठाचे प्रसिद्धी-अधिकारी रॉजर वाल्डिसेरी यांनीं तें 'हाइझमन'शीं जुळावें म्हणून 'थाइझमन' करविलें. पारितोषिक मात्र १९७० सालीं स्टॅनफर्डच्या जिम प्लंकेटला मिळालें. थाइझमन दुसरा आला, आणि बदललेलें आडनांव तेवढें कायमचें राहिलें. त्याच वर्षीं २८ नोव्हेंबरला लॉस एंजिलिस येथें सदर्न कॅलिफोर्नियाशीं सामना होता. नोटर डेमचा संघ तोंवर अजिंक्य होता. पाऊस पडत होता, मैदान चिखलानें भरलें होतें, आणि प्रतिपक्षानें आरंभींच आघाडी घेतलेली. पिछाडी भरून काढण्यासाठीं थाइझमन फेकीमागून फेक करीत राहिला. ५८ फेकी, ३३ यशस्वी, ५२६ यार्ड! नोटर डेमच्या कोणाहि खेळाडूनें एका सामन्यांत इतके यार्ड कधीं फेकले नव्हते, आणि पुढें पन्नासांहून अधिक वर्षें कोणी फेकले नाहींत. सामना मात्र ते ३८-२८ असा हरले. तो उच्चांक झालाच मुळीं पराभवामुळें. संघ आघाडीवर असता तर भिजलेला चेंडू अठ्ठावन्न वेळां हवेंत फेकण्याचें धाडस कोणीं केलें असतें?

वेगवेगळ्या काळांतील आंकडे एका यादींत बसविणें किती अवघड, हें पुढील काळांत दिसून आलें. १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघांतून खेळण्यास बंदी होती. ती उठली आणि तीन हंगामांच्या जागीं चार झाले. १९७० पासून अकरावा सामना आला, २००६ पासून बारावा. हंगामानंतरच्या 'बोल' सामन्यांतील यार्ड राष्ट्रीय हिशेबांत २००२ पर्यंत धरीतच नसत. त्यामुळें विस्कॉन्सिनच्या रॉन डेनची अधिकृत बेरीज ६,३९७ राहिली. बोल सामने धरले तर ती ७,१२५ होते. २०१६ सालीं सॅन डिएगोच्या डॉनेल पंफ्रीनें, बोल सामना धरून, ६,४०५ यार्ड पुरे केले आणि कागदावर तो अव्वल ठरला! याउलट १९८८ सालीं ओक्लाहोमाच्या बॅरी सँडर्सनें अकरा सामन्यांत काढलेले २,६२८ यार्ड ओलांडण्याचा प्रयत्न २०२४ सालीं बॉइझीच्या अॅश्टन जेंटीनें चौदा सामन्यांनिशीं केला, तरी सत्तावीस यार्ड कमी पडले. नोटर डेमपुरतें सांगावयाचें तर, १९२५ च्या रोझ बोलनंतर पंचेचाळीस वर्षें विद्यापीठानें असल्या सामन्यांत भागच घेतला नव्हता. तेव्हां त्या काळच्या खेळाडूंना ती जादा संधि कधीं मिळालीच नाहीं. आणखी एक खुबी अशी कीं, चेंडू फेकणाऱ्याला फेकण्यापूर्वींच पाडलें तर महाविद्यालयीन हिशेबांत ते गमावलेले यार्ड त्याच्या धांवेंतून वजा होतात. धंदेवाईक खेळांत ते फेकींतून वजा करतात. पडणारा माणूस एकच, पडणेंहि एकच. वही बदलली कीं रकाना बदलतो.

गिपचे २,३४१ यार्ड अखेर १९७८ सालीं मागें पडले. ते ओलांडणारा जेरोम हेवन्स. त्याला १९७५ सालीं, पहिल्याच वर्षांत, मुख्य संघांतून खेळतां आलें होतें. अठ्ठावन्न वर्षें टिकलेला बांध एकदां फुटला कीं मग पाण्याला वेळ लागत नाहीं. व्हेगस फर्ग्युसन १९७९ अखेर ३,४७२ वर पोंचला, अॅलन पिंकेट १९८५ अखेर ४,१३१ वर, आणि ऑट्री डेन्सन १९९८ अखेर ४,३१८ वर. 'रेड' सॅमनचा छत्तीस टचडाऊनांचा उच्चांक मोडणाराहि हाच पिंकेट. फेकीच्या रकान्यांत ब्रेडी क्विननें २००३ ते २००६ या चार वर्षांत ११,७६२ यार्ड आणि ९५ टचडाऊन लिहविले. डोरेच्या १९१३ च्या त्या २४३ यार्डांनीं सारें राष्ट्र चकित झालें होतें. क्विनच्या काळीं तेवढे यार्ड ही एका शनिवारची सामान्य कमाई झाली होती.

एका हंगामांतील धांवेचा मान फर्ग्युसनकडे राहिला. १९७९ सालीं त्यानें १,४३७ यार्ड काढले. त्या वर्षींचा शेवटचा सामना विद्यापीठानें थेट जपानांत, तोकियो येथें, मियामीविरुद्ध खेळून ४०-१५ असा जिंकला. संघानें अकरांपैकीं चार सामने गमावले होते आणि हंगामानंतरच्या सामन्याचें त्याला बोलावणेंहि आलें नाहीं. अडतीस वर्षांनीं, २०१७ सालीं, जॉश अॅडम्स त्या आंकड्याच्या अगदीं जवळ आला. त्याला तेरा सामने मिळाले होते. शेवटचा सामना १ जानेवारी २०१८ रोजीं लुइझियाना राज्य विद्यापीठाशीं झाला आणि नोटर डेमनें तो २१-१७ असा जिंकला. हंगामाची बेरीज मांडली तेव्हां अॅडम्सच्या नांवापुढें १,४३० यार्ड पडले होते. सात यार्ड कमी.